फाटकाच्या आत आई म्हणायचं नाही

आमचं बालगृह कसं सुरू झालं, असं विचारत अजूनही अधूनमधून कोणी तरी माझ्याकडे येतं. त्यांना त्यागाची गोष्ट हवी असते. सुरुवात एका पोरीच्या वाहत्या नाकापासून झाली, असं मी सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पण ते खरं आहे. आणि त्यात त्याग कुणाचा झाला हे मी सांगायला लागले, की लोक चहा संपवून उठतात. म्हणून आज लिहूनच टाकते. लिहिताना मी तिला आई म्हणणार आहे. कागदावर म्हणायला मला कोणी अडवलेलं नाही.

आई मूळची दिघाशीची, शेतकऱ्याघरची. शिकली, एका शिक्षकाशी लग्न होऊन भिवंडीत आली आणि लूम कामगारांच्या वस्तीत बालवाडी चालवायला लागली. वडील मराठी शाळेत होते, त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. मी दोघांची एकुलती एक. ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा बालवाडीच्याच वयाची. आईच्या बालवाडीत दोन बहिणी यायच्या. त्यांचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, ते छातीच्या आजाराने गेले. त्यांची आई त्याआधीच बाळंतपणात गेलेली. उत्तरेकडच्या त्यांच्या मुलुखाहून कोणी तरी पोरींना न्यायला येणार आहे, असं सगळे म्हणत होते आणि तोवर वस्तीतले कामगार आळीपाळीने त्यांना जेवू घालत होते. एक दिवस बालवाडी सुटली, पोरं आपापल्या घरी पांगली आणि या दोघी तिथंच बसून राहिल्या. धाकटीचं नाक वाहत होतं. आईने पदराने ते पुसलं आणि दोघींना घरी घेऊन आली.

"दोन दिवस राहतील," ती वडिलांना म्हणाली.

वडिलांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला केलं, पोरींकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग तांदूळ वाढवून टाक."

न्यायला कोणी आलं नाही. पोरी राहिल्या. त्यांचं ऐकून वस्तीतून आणखी एक पोर आलं, मग एक पोलिसांनी आणून सोडलं. आमच्या खोल्या दोनच. शेजारच्या काकू दारातून डोकावायच्या आणि म्हणायच्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!" आई हसून म्हणायची, "घोडं कुठलं काकू, शिंगरं आहेत. मूठभर दाण्यात भागतं." तिचं ते चटकन उत्तर देणं मला फार आवडायचं. ती तेव्हा माझी होती, आणि गंमतीला आलेली पोरं दोन दिवसांनी जाणार होती.

जागा पुरेना तेव्हा एक शेठ धावून आले. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत राहिलेल्या, मूळ कोकणपट्टीच्या मुसलमान घरातले ते. त्यांचे बरेच लूम होते. एका सकाळी ते आमच्या दारात चपला काढून उभे राहिले, आत आलेच नाहीत.

"बाई, आपली जुनी शेड खाली पडलीय, रिकामी. मशिनं विकली मी. तुमी पोरांना घेऊन तिथं या. भाडंबिडं काय नको, दुवा लागेल, बस."

अशी आमची शेड. बाहेर पाटी लागली बालगृहाची, गावातले लोक म्हणायचे अनाथाश्रम, आम्ही आत राहणारे कायम शेडच म्हणायचो. जमिनीत लूम बसवायचे लोखंडी खिळे तसेच होते, कापून टाकले तरी त्यांचे बुंधे राहिले, आणि आमच्यातल्या प्रत्येकाचा अंगठा त्यांच्यावर फुटलेला होता. छताला तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांत कापसाचा भुगा अडकलेला असायचा, तो ताटात पडायचा. तेलाचे डाग कितीही घासले तरी गेले नाहीत. चारी बाजूंनी दुसऱ्या शेड, तिथले लूम चालूच. त्या खटखटाटात पोरं गाढ झोपायची आणि सुट्टीच्या दिवशी लूम बंद पडले की दचकून जागी व्हायची.

नियम झाला तो शेडमध्ये राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांनी. मी बाहेर खेळत होते, पडले, गुडघा फुटला. रडत रडत आत पळत आले आणि "आई गं" करत तिच्या कमरेला मिठी मारली. ती तांदूळ निवडत होती. तिने मला कुशीत घेतलं आणि फुंकर घालायला लागली. धाकटी पोरगी, ती नाकवाली, समोरच बसली होती. ती बघत राहिली. मग उठली, पलीकडच्या बाजूने आली, आईच्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाली, "आई." रडत नव्हती, काही मागत नव्हती. नुसतं म्हणून बघितलं.

तिची थोरली बहीण कोपऱ्यातून तरातरा आली आणि तिने धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. "अपनी अम्मा मर गई ना? ये उसकी है!" माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली.

धाकटीने पदर सोडला. हात फ्रॉकला पुसला, काही तरी घाण लागल्यासारखा, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. आईची फुंकर थांबली. माझा गुडघा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर आईने सगळ्यांना बसवून ठेवलं. "आजपासून या फाटकाच्या आत आई कोणी म्हणायचं नाही. मी सगळ्यांची बाई," ती म्हणाली. मला वाटलं, हे त्यांना सांगितलंय. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूसुद्धा."

काही घरांत आईला बाईच म्हणतात, मला माहीत आहे. तिथं त्या शब्दात माया असते. आमची बाई म्हणजे शाळेतली बाई, हजेरी घेणारी. आईला तू म्हणतात, बाईंना तुम्ही म्हणतात. एका दिवसात माझ्या आईला मी "अहो बाई, मला पाणी द्या ना" म्हणायला लागले. वडिलांना काही फरक पडला नाही. ते आधीपासून सगळ्यांचे गुरुजी होते, माझेही झाले. पण ती माझी होती. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या आईने ती म्हण उलटी करून दाखवली आणि गावाने तिचा सत्कार केला.

नियमाला एक पळवाट होती. फाटकाच्या बाहेर म्हणायला हरकत नव्हती. मग मला एकच उद्योग लागला, तिला फाटकाबाहेर काढायचा. "बाई, भाजीवाला आलाय!" मी ओरडायचे. ती पदर खोचत बाहेर यायची, रस्ता रिकामा असायचा, आणि मी घाईघाईने म्हणून घ्यायचे, "आई, आई, आई." पहिल्या वेळी ती हसली. रस्त्यावर उभ्या उभ्या तिने मला जवळ घेतलं, माझ्या केसांतला कापूस काढला. दुसऱ्या वेळीही हसली. मग तिला कळायला लागलं, आणि भाजीवाला खरंच आला तरी ती थोरल्या पोरीला पाठवायला लागली. मला त्या भाजीवाल्याचा राग यायचा. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

मला आई परत हवी होती. त्या वयात मला दुसरं काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच मागायची सोय नव्हती.

मग चौऱ्याऐंशी साल आलं, भिवंडीतल्या हिंदू-मुसलमान दंगलीचं. त्या दंगलीबद्दल ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलंय, मी मोठं काही सांगणार नाही. आमचं फाटक बंद होतं, शेठचे लोक आणि वडील मिळून बाहेर बसायचे, आणि चारी बाजूंचे लूम गप्प होते. पोरांना झोप येईना. संचारबंदी उठली आणि पोरं यायला लागली. दोन्हीकडची. कोणी चुलत्याने आणून सोडलं, कोणी शेजाऱ्याने. एक मुलगी तर कोणाची होती तेच शेवटपर्यंत कळलं नाही, तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आईने फाटकावर कोणाला काही विचारलं नाही. पंगतीत जागा केली आणि वाढलं. हे मी पाहिलेलं आहे, आणि तिच्यावर कितीही चिडले तरी यासाठी मी तिच्यापुढे मान खाली घालते. पण पोरं वाढली तशी पंगत लांबली, आणि पंगतीच्या त्या टोकाला बसलेली आई मला आणखी लांब गेली.

आता पंगतीचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. शेडमध्ये रोजचं जेवण म्हणजे डाळभात आणि एक भाजी. गोडाधोडाचं जेवण यायचं ते गावातल्या व्यापाऱ्यांकडून, लूमवाल्यांकडून, आणि ते यायचं कोणाच्या तरी पुण्यतिथीला. ईदला शेठच्या घरून शीरखुर्म्याची पातेली यायची, तेवढंच काय ते जिवंत माणसांचं गोड. बाकी पुरी, बटाट्याची भाजी आणि बुंदीचा लाडू म्हणजे कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आजी. घरचे लोक फोटो घेऊन यायचे. पंगतीच्या तोंडाशी खुर्चीवर तो ठेवायचे, हार घालायचे, उदबत्ती लावायचे. लाडू वाढून झाला की आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून एका सुरात म्हणायचो, "मृतात्म्यास शांती लाभो." मग खायचं. फोटोतली माणसं आम्हाला ओळखीची झाली होती. एक टोपीवाले आजोबा दर वर्षी थंडीत यायचे, त्यांचा लाडू मोठा असायचा. पोरं त्यांची वाट बघायची.

मी तिसरी-चौथीत असेन, तेव्हा दिघाशीला धाकट्या मावशीचं लग्न निघालं. आई आली. शेड वडिलांवर आणि थोरल्या पोरींवर सोपवून, आदल्या दिवशी नाही, हळदीला नाही, लग्नाच्या सकाळी आली. पण आली. एस.टी.त मी तिच्या मांडीवर बसले होते, बसायच्या वयाची नव्हते तरी. फाटक मागे राहिलं होतं. मी मनात ठरवलं होतं की दिवसभर आई म्हणून घ्यायचं, पुढच्या वर्षभराचं.

मांडवात पंगती बसल्या. भात, वरण, वालाचं बिरडं. मामा स्वतः वाढत होता. तो आईचा धाकटा भाऊ, अंगाने दांडगा, मनाने लोण्याचा. त्याने माझ्या पत्रावळीवर बुंदीचा लाडू ठेवला. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि विचारलं, "मामा, फोटो कुठाय?"

"कसला फोटू गो?"

मला वाटलं, यांच्याकडे नंतर आणत असतील. मी हात जोडले, डोळे मिटले आणि शेडमध्ये म्हणायचे तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "मृतात्म्यास शांती लाभो."

मी डोळे उघडले तेव्हा पंगत थांबली होती. समोरच्या बाईचा घास हातात तसाच. नवरदेवाकडची एक म्हातारी "अगं बाई, अगं बाई" करत मांडवाच्या खांबाला हात लावत होती. कोणी तरी मागून म्हणालं, "अनाथाश्रमातलं पोर हाय का हे? याला कोनी बोलावला?" आणि मी, खरं सांगते, कोणाबद्दल बोलतात ते बघायला मागे वळून पाहिलं.

आई बायकांच्या पंगतीत वाढत होती. ती तशीच उभी होती. तिने सांगायला हवं होतं, पोर माझी आहे. सांगितलं असतं, एक श्वास घेऊन सांगितलं असतं, असं मला आता वाटतं. पण तिच्या आधी मामाच ओरडला.

"माझी भाची हाय ती! ताईची पोर हाय!"

मग हातातलं लाडवांचं ताट त्याने दुसऱ्याकडे दिलं आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत बोलला. "आयकलंस ना ताई? लगनात पोर शांती लाभो म्हनते. पोरीची आयस जिती हाय, बापूस जिता हाय, आन तू तिला पोरकी करून ठेवलीस. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस तर भाज. पर घरची पोर उपाशी न्हाय ठेवायची."

मी जागेवरून हाक मारली, "बाई." आई म्हणायचं ठरवून आले होते, तोंडातून आलं बाई. मामाने कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्याच आठवड्यात तो शेडवर आला, मला न्यायला. ओसरीवर आई आणि तो बोलत बसले. मी आत खिडकीखाली होते. दहावीपर्यंत पोर माझ्याकडे राहू दे, तो म्हणत होता, माझी दोन आहेत त्यांच्यात तिसरी. वडील तेवढं म्हणाले, "तिला विचारा."

आईने मला हाक मारली. मी बाहेर आले. तिच्या पायाशी ती नाकवाली पोर बसलेली होती, आता मोठी झाली होती, वेणी घालून घेत होती. आईचे हात तिच्या केसांतच होते.

"तुला मामाकडे राहायला जायचंय?" आईने विचारलं.

तिनेच नाही म्हणावं, असं मला हवं होतं. मामाकडे काही कमी पडेल म्हणून नव्हे, माझ्यावाचून तिला राहवणार नाही म्हणून. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. तिने वेणीचे तीन पेड घट्ट ओढले, रिबीन बांधली, आणि माझ्या उत्तराची वाट बघितली. मला संताप आला.

"हो," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

शेड सोडून जाणाऱ्या पोरांचा एक शिरस्ता होता. कोणाला काका न्यायला येई, कोणाला दत्तक घेत, कोणी वसतिगृहात जाई. जाणाऱ्याला नवा कपडा शिवायचा, लूमवरून आलेल्या कोऱ्या कापडाचा, घरी रंगवलेला. निघताना हातावर दहीसाखर घालायची. बाकीच्यांनी फाटकाशी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि कोणी रडायचं नाही, म्हणजे जाणाऱ्याचे पाय अडखळत नाहीत. माझ्यासाठीही आईने हे सगळं केलं. तसंच, त्याच क्रमाने, तसूभरही कमीजास्त नाही. फ्रॉक निळा होता. दहीसाखर घालताना तिचा हात थंड लागला. टाळ्या वाजल्या. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं आणि तीही टाळ्या वाजवताना दिसली असती तर मी तिला जन्मभर माफ केलं नसतं. तिने वाजवल्या की नाही हे मला आजही माहीत नाही.

मामाकडे मला काही कमी नव्हतं. मामीने मला कधी दोन घास कमी वाढले नाहीत, उलट तिच्या पोरांच्या आधी माझं ताट. पण पहिल्याच दिवशी शाळेतून आलो, आणि मामेभाऊ दप्तर अंगणातच टाकून आत धावला.

"आये गो, भूक लागली!"

त्याची बहीण पण धावली. दोघं मामीला दोन्ही बाजूंनी लोंबकळली. मी उंबऱ्यापाशी थांबले. त्या घरात बंदी नव्हती. दिवसभर तो शब्द चालू असायचा. पाणी हवं तरी आये, मांजर दिसलं तरी आये, भांडण झालं तरी आये. मी त्या उंबऱ्यात उभी राहून ऐकायचे. एकदा तर मी मामीच्या पदराला हात लावला, आणि लगेच काढून घेतला. हात फ्रॉकला पुसला.

तेव्हा मला आईचा नियम कळला. आईपासून काही कोस दूर, भाताच्या गावात, लूमचा आवाजही पोचत नव्हता तिथं, मला तो पुरता कळला. कळला म्हणजे पटला असं नाही. राग गेला नाही. पण आधी त्या रागात आईच दुष्ट असायची, आता तसं म्हणता येईना, आणि मग तो राग ठेवायला जागाच सापडेना. असा राग फार त्रास देतो.

आई महिन्याकाठी येऊन जायची. अंगणात बसायची, माझ्यासाठी काही तरी आणायची. एकदा म्हणाली, "इथं म्हण ना आई. इथं फाटक नाही." मी म्हणाले, "तुम्हाला चहा ठेवू का, बाई?" मामीने माझ्याकडे असे डोळे वटारले! आई म्हणाली, "ठेव." तिने तो चहा सगळा प्यायला, आणि कोणाला तरी ताप आहे म्हणून लगेचच्या एस.टी.ने निघून गेली. तिला नेहमीच कोणाला तरी ताप असायचा.

दहावी झाली. मग मी भिवंडीला परत यायच्या ऐवजी ठाण्याला मावशीकडे शिकायला गेले. मधल्या वर्षांत वडील गेले. त्यांच्या तेराव्याला शेडमधून बाहेर पडलेली कितीतरी पोरं आली होती, आता मिशा फुटलेली, कडेवर लेकरं घेतलेली. ती आईच्या पाया पडून "बाई, बाई" करून रडत होती. त्यांच्यात मीही रडत होते, तेच म्हणत होते. बाहेरच्या माणसाला त्यांच्यातली बाईंची पोटची कोणती, हे ओळखता आलं नसतं. आईला हेच तर हवं होतं, आणि तिने ते करून दाखवलं.

नव्वदीच्या शेवटाला शेड बंद झाली. कोणी वाईट वागलं म्हणून नाही. शेठ वारले. त्यांच्या मुलांनी आईला कधी निघा म्हटलं नाही, पण छत खरोखरच खचलं होतं, आणि अशा जागेत मुलं ठेवायची नाहीत असं सरकारी माणसं येऊन सांगून गेली. त्यांचंही चुकलं नव्हतं. पोरांची सोय एका मोठ्या संस्थेत झाली. एकेकाला आईने कपडा शिवला, हातावर दहीसाखर घातली. शेवटी शेवटी रांगेत उभं राहायला पोरंच उरली नव्हती, तेव्हा आई एकटी फाटकाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. हे मला तिथल्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

माझं तोवर लग्न होऊन मी कशेळीला आले होते. नवरा खाडीजवळच्या एका गोदामात कामाला. मला दोन वर्षांची मुलगी. मी जाऊन आईला घेऊन आले. तिच्याकडे एक ट्रंक होती आणि एक पिशवी.

माझी मुलगी दिवसभर आई आई करायची, पोरं करतात तशी. पहिल्याच दुपारी ती पाळण्यातून उठली आणि "आई!" म्हणून ओरडली, तशी आई झटकन उठली, तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "शू, हळू. पोरं ऐकतील."

माझ्या हातातलं भांडं पडलं. "इथं कुठली पोरं, बाई?" मी म्हणाले. आवाज नको तेवढा चढला. आईने बोट काढून घेतलं. ती ओशाळली. इतक्या वर्षांत मी तिला ओशाळलेली पाहिली नव्हती, आणि ते मला बघवलं नाही. तिचीही चूक नव्हती. शेडमध्ये तो शब्द ऐकू यायचा तो फक्त फाटकावरून, ज्या एखाद्या पोराला आई उरलेली असे आणि ती भेटायला येई, त्या दिवशी. तो शब्द कानावर आला की आई बाकीच्यांना घेऊन घाईने मागच्या अंगणात जायची. तिचं आयुष्य तो शब्द आत येऊ न देण्यात गेलं होतं.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तूही म्हण की. आता ऐकायला कोणी नाही."

मी म्हणायला गेले. खरंच गेले. कोणी देत असताना घ्यायची मला सवयच नव्हती. "उद्या कोथिंबीर आणायची आहे का?" असं काही तरी मी विचारलं. ती "हो" म्हणाली. त्यानंतर तिने पुन्हा सांगितलं नाही, आणि आम्ही दोघी त्या घरात एकमेकींशी फार सांभाळून, फार नीट वागत राहिलो. मला ते नीट वागणं नको होतं. मला तिच्याशी भांडायचं होतं, आईशी भांडतात तसं.

उन्हाळ्यातली एक दुपार होती. मी बाजारातून आले. दोन्ही हातांत पिशव्या, त्यातली एक फाटायला आलेली, बटाटे खाली पडायच्या बेतात. दार आतून बंद. कडी वाजवायला हात मोकळा नव्हता. मी पायाने दार ढोसलं आणि वैतागून ओरडले, "आई, दार उघड गं! हात मोडले माझे!"

आतून उत्तर नाही. मी आणखी जोराने ओरडले. तेव्हा आतून सपाता वाजल्या, घाईघाईच्या, आणि दार उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, गल्लीत, उन्हात तिची नजर शोधत होती.

"कोणाची आई आली?" तिने विचारलं.

गल्लीत कोणी नव्हतं. आपण काय म्हणालो ते मला तेव्हा कळलं. पिशवी फाटली, बटाटे पायरीवरून खाली गेले. मी ते उचलले नाहीत.

"माझी," मी म्हणाले.

ती तशीच दाराला धरून उभी राहिली. बाहेर बघत होती ती नजर हळूहळू माझ्यावर आली. मग तिने माझ्या हातातली दुसरी पिशवी घेतली आणि म्हणाली, "आत ये. ऊन लागेल."